मनपा शाळेच्या हक्काचा पैसा: नागपुरातल्या चर्चच्या मंडळीने पाठपुरावा कसा करावा

"मनपा शाळांना पुरेसा निधी द्यावा" एवढंच लिहिलेलं निवेदन सिव्हिल लाइन्सच्या महापालिका इमारतीत गेलं की त्यावर आवकचा शिक्का बसतो, कोपऱ्यात 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा येतो आणि कागद फायलीला लागतो. यात कुणाचा वाईटपणा असतोच असं नाही. त्या कागदावर कार्यवाही करण्यासारखं काही नसतं, इतकंच. कोणती शाळा, कोणतं काम, किती रुपये, कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ओळीतून), यातलं काहीच त्यात नसतं. त्यातून निवेदन बहुधा मार्चमध्ये जातं, म्हणजे पुढच्या वर्षाचे आकडे ठरून गेल्यावर.

चर्चच्या मंडळीला हे काम धड करायचं असेल तर मागणी एका शाळेची, एका कामाची आणि एका आकड्याची हवी. ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान टेबलावर पोचली पाहिजे. पाहणी, माहिती अधिकार, बैठका ही सगळी मेहनत त्या एका कागदासाठी.

आधी पास्टरेट कमिटीचा ठराव

असं काम पाळकसाहेबांच्या उत्साहावर सुरू होतं आणि त्यांची बदली झाली की थांबतं. म्हणून पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, लेखी ठराव घ्या. कोणत्या शाळा (एक किंवा दोन, जास्त नाहीत), कोणते सदस्य आणि मंडळीच्या नावाने पत्रावर सही कुणाची, एवढं त्यात असावं. मुदत दोन वर्षांची ठेवा. अंदाजपत्रकाचं एक चक्र समजायलाच पहिलं वर्ष जातं.

माणसं पाच ते सात पुरेत. नागपुरातल्या मंडळ्यांत महालेखाकार कार्यालयातून, रेल्वेतून, वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स) किंवा खुद्द महापालिकेतून निवृत्त झालेले कुणी ना कुणी असतातच. 'लेखाशीर्ष' ऐकून न दचकणारा असा एक माणूस मिळाला की निम्मं काम झालं. त्याच्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका, बांधकामातलं कळणारा एक जण, महिला मंडळातल्या दोघी (आया त्यांच्याशीच मोकळं बोलतात) आणि तक्ता बनवायला तरुण संघातलं कुणीतरी. मंडळीतल्या एखाद्या घरची मुलं त्या शाळेत जात असतील तर त्या आईवडिलांना सगळ्यात आधी घ्या.

तसं घर नसेल तर एक प्रश्न येणारच: "तुमची पोरं तर कॉन्व्हेंटात, मग तुम्हाला इथे काय?" त्याला सरळ उत्तर तयार ठेवा. शाळा वस्तीतली आहे, कर सगळेच भरतात, आणि बोलायचं काय ते पालकच ठरवतील. मंडळीशी जोडलेली अनुदानित शाळा असेल तर तिचं वेतनेतर अनुदान, तिची पदमान्यता हे विषय या कामात अजिबात मिसळू नका. एकदा मिसळले की अधिकारी तुम्हाला 'संस्थाचालक' म्हणून मोजतो, नागरिक म्हणून नाही.

चर्चच्या आवारात काय करायचं, काय नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा १९८८ चा केंद्रीय कायदा मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च सगळ्यांना लागू आहे. त्यातली 'राजकीय कृती'ची व्याख्या फक्त पक्षप्रचारापुरती नाही. राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी आवारात सभा, निदर्शनं, मिरवणूक घेणंही तिच्यात येऊ शकतं. उपासनेत शाळेसाठी प्रार्थना, सूचनांच्या वेळी दोन वाक्यांची माहिती, कमिटीची बैठक, इतपत ठीक. जाहीर सभा, नगरसेवकाशी किंवा उमेदवाराशी संवाद मात्र शाळेत किंवा समाजभवनात घ्या, आणि तोही शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने. निवडणूक जवळ असेल तर कोणत्याच उमेदवाराला वेदीजवळ बोलावून सत्कार करू नका, मग तो मंडळीतलाच का असेना.

खर्च स्थानिक अर्पणातून करा आणि खजिनदाराला वेगळी नोंद ठेवायला सांगा. परदेशी देणगीच्या खात्याला हात लावू नका. वर्षाचा खर्च तसाही फार नसतो: झेरॉक्स, कोर्ट फी तिकिटं, फोटोंच्या प्रती, रिक्षाभाडं.

शाळेत पाऊल ठेवताना धार्मिक पत्रकं, कॅलेंडर, 'नवा करार' काहीही नेऊ नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमातच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एका पत्रकाने दोन वर्षांचं काम एका दुपारी संपतं.

उपदेशासाठी विषय हवाच असेल तर नहेम्याचा दुसरा अध्याय आहे. राजाकडे त्याने नुसती कृपा मागितली नाही, लाकडासाठी वनरक्षकाच्या नावाचं पत्र मागून घेतलं. आणि यरुशलेमेत पोचल्यावर कुणाशी बोलायच्या आधी रात्री जाऊन तटाची पाहणी केली.

पाहणी पावसाळ्यात

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. छत तेव्हाच गळतं, मैदानात पाणी तेव्हाच साचतं. ऑक्टोबरमध्ये अभियंता येऊन कोरड्या भिंतीकडे बघत "कुठे गळतंय?" म्हणतो तेव्हा ऑगस्टचा तारीखवार फोटो दाखवता आला पाहिजे.

आधी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, एक प्रत मुख्याध्यापकांना. परवानगीशिवाय वर्गात शिरू नका. दोघांनीच जा, तासाभरात उरका, मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका. आणि 'शाळेची अवस्था वाईट आहे' असलं काही लिहू नका. मोजा.

नळ किती, त्यातले सकाळी ११ वाजता किती चालू. मुलींची शौचकूपं किती, किती कुलूपबंद, किती दारांना आतून कडी लागते, बादलीत नाही तर टाकीत पाणी आहे का. वर्गखोल्या किती, त्यातल्या वापरात किती, एका खोलीत किती इयत्ता बसतात. पंखे किती, फिरणारे किती. मार्च-एप्रिलमधल्या नागपूरला हा मुद्दा किरकोळ नाही. रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, आणि रॅम्पच्या शेवटी पायरी तर नाही ना (असते, बऱ्याचदा असते). कुंपणभिंत कुठे फुटली आहे. खिचडी कुठे शिजते. शेवटी विजेचं बिल मागून बघा. सरकारी शाळांसाठी महावितरणचा 'सार्वजनिक सेवा - शासकीय' हा वेगळा दरगट आहे. बिलावर भलताच गट असेल तर शाळेचे पैसे दर महिन्याला विनाकारण जातात, आणि ही दुरुस्ती कुठल्याही तरतुदीशिवाय एका अर्जावर होते. असं छोटं, लगेच होणारं काम आधी करून दिलं की मुख्याध्यापकही पुढच्या वेळी खुर्ची पुढे करतात.

मोजलेलं कशाशी ताडायचं? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीशी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. १५० च्या वर मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळा नसलेली वाट, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण, ग्रंथालय. त्याच कायद्याच्या २६व्या कलमाप्रमाणे रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत.

एक चूक हमखास होते. शिक्षक बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेले म्हणून 'बेकायदेशीर' असं लिहिलं जातं. २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या तीन कामांना सूट आहे. तिथे बेकायदेशीर शब्द वापरला की सगळं निवेदन पोकळ ठरतं. 'सप्टेंबरात तीन शिक्षकांपैकी दोघे इतके दिवस शाळेबाहेर होते' असं लिहा. ते खरं असतं आणि खोडता येत नाही.

३० सप्टेंबर: पैशाहून मोठी तारीख

शाळेचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांचा पगार. किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पटावर मूल असून भागत नाही, त्याचं आधार जुळलेलं लागतं. शाळेच्या नोंदीत 'स्नेहा', आधारवर 'स्नेहल', जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, आधारच नाही. अशी पाच-सात मुलं मोजणीतून गळाली आणि शाळा ९३ वरून ८८ वर आली तर चौथा शिक्षक गेला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून, विशेषतः सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या छोट्या शाळांत, एकेका मुलाला वजन आलं आहे.

इथे मंडळीला भाषणं करायची नाहीत, हातपाय हलवायचे आहेत. जुलैच्या शेवटी मुख्याध्यापकांना विचारा, किती विद्यार्थ्यांचं आधार जुळत नाही. यादी बाहेर नेऊ नका, ती शाळेतच राहू द्या. वर्गशिक्षिकेने पालकांना निरोप द्यावा. तुम्ही ठरल्या दिवशी पालकांसोबत आधार केंद्रावर जा. जन्मदाखला लागतो, तो नसेल तर मनपाच्या झोन कार्यालयातून काढायचा, त्याला दिवस लागतात. म्हणून सप्टेंबरची वाट पाहू नका. रोजंदारीवरच्या आईचा अर्धा दिवस बुडतो तेव्हा तिच्या धाकट्याला सांभाळायला महिला मंडळातली एक जण घरी थांबली तरी काम पुढे सरकतं. वर्षभरातल्या सगळ्या निवेदनांपेक्षा या दोन महिन्यांतून शाळेला जास्त मिळतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आकडे कुठून काढायचे

यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचं माहितीपत्रक खुलं आहे. शाळेचा क्रमांक ११ अंकी, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि नागपूर जिल्ह्याचा २७०९ ने. त्यातली स्वच्छतागृहं, खोल्या, पाणी हे तुमच्या पाहणीशी ताडून बघा. कागदावर 'चालू' आणि जागेवर कुलूप असं निघालं तर मुख्याध्यापकांना चारचौघांत पकडू नका. चूक पुढच्या भरणीत सुधारायला सांगा. कागदावर सगळं चालू दिसत असेल तर दुरुस्तीला पैसे कोण देणार?

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान असतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. आकडा ठाऊक असला तरी तीन प्रश्न विचारावेच लागतात: किती आलं, कधी आलं, किती खर्च झालं. फेब्रुवारीत हाती आलेलं अनुदान मार्चअखेर खर्च झालं नाही तर शाळेच्या हातून जातं. 'वेळेवर द्या' ही मागणी 'जास्त द्या'पेक्षा कधीकधी मोठी असते.

बाकीचं माहिती अधिकारातून. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे साधारण १५० शब्दांच्या आत. 'का' विचारू नका. कारण सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो. कागद मागा:

'… मनपा शाळेच्या इमारत दुरुस्तीसाठी मागील तीन आर्थिक वर्षांत (अ) मंजूर तरतूद, (आ) सुधारित तरतूद, (इ) प्रत्यक्ष खर्च यांचा तपशील. (ई) कार्यादेशांच्या प्रती. (उ) मंजूर व कार्यरत शिक्षक पदांच्या शेवटच्या संचमान्यतेची प्रत.'

उत्तराला ३० दिवस. नाही आलं, अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या तिकिटासह पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. पण आयोगापर्यंत गेलात तर ते अंदाजपत्रक केव्हाच संपलेलं असतं. म्हणून अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाका. शिवाय जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. फाइल समोर बसून चाळली की कोणता कागद मागायचा ते कळतं, आणि पुढचा अर्ज नेमका होतो.

अंदाजपत्रक वाचताना

'अंदाजपत्रक' हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि नवखा तिथेच फसतो. एक, महापालिकेचं वार्षिक. दोन, अभियंत्याने एका कामासाठी दरसूचीवरून (सरकारी दरांच्या यादीवरून) काढलेला खर्च. "अंदाजपत्रक झालंय" असं कुणी म्हणालं तर कोणतं, ते विचारा.

वार्षिक पुस्तकात शिक्षण विभागाचं पान काढा. एका ओळीत चार आकडे दिसतील: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाची सुधारित तरतूद, पुढच्या वर्षाचा प्रस्ताव. पगार आणि निवृत्तिवेतन आधी बाजूला काढा, कारण एकूण आकड्याचा बहुतेक भाग तोच असतो आणि तो वाढला म्हणून शाळेतला नळ चालू होत नाही. मग इमारत दुरुस्ती, स्वच्छतागृहं, पाणी, बाकं, क्रीडासाहित्य या ओळी बघा.

समजा (आकडे नमुन्याचे आहेत) दुरुस्तीला मूळ तरतूद ४० लाख, सुधारित १५ लाख, आणि खर्च निघाला ९ लाख. तर तुमची मागणी '४० चे ६० करा' ही नाही. तसं मागितलं की लेखा विभाग म्हणेल, आधीचेच खर्च होत नाहीत. त्याचं म्हणणं बरोबरही असेल. इथे विचारायचं, ३१ लाख अडले कुठे? उत्तरं ठरलेली असतात. अभियंत्याने कामाचा अंदाज वेळेत काढला नाही. तांत्रिक किंवा प्रशासकीय मान्यतेला फाइल पडून राहिली. निविदेला प्रतिसाद नाही, कारण जुनी बिलं थकल्याने ठेकेदार फिरकत नाहीत. किंवा आचारसंहिता लागली आणि कार्यादेश थांबले. तुमच्या शाळेचं काम यातल्या कोणत्या पायरीवर आहे ते कळलं की पत्र कुणाला लिहायचं ते आपोआप ठरतं. आयुक्तांना लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा ज्या टेबलावर फाइल आहे तिथे एक फेरी बरी.

मालमत्ता कराच्या डिमांडवर 'शिक्षण कर' अशी ओळ असते. ती दाखवून "आम्ही शाळेसाठी वेगळा कर भरतो" असं सभेत म्हटलं जातं. राज्याचा शिक्षण कर १९६२ च्या कायद्याखालचा आहे. महापालिका तो वसूल करून राज्याकडे भरते. त्या ओळीचा तुमच्या गल्लीतल्या शाळेशी थेट धागा नाही. त्यापेक्षा भक्कम आधार महानगरपालिका अधिनियमाचा: प्राथमिक शाळा चालवणं, त्यांना पुरेशी जागा देणं हे ६३व्या कलमातलं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही.

पहिली सही पालकांची

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि २२व्या कलमाप्रमाणे अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. मंडळीचं पत्र कितीही चांगलं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते बाहेरच्यांचं आहे. समितीचा ठराव हा आतला कागद. म्हणून क्रम असा: समितीचा ठराव, आराखड्यात नोंद, समितीच्या अध्यक्षांची सही, खाली मंडळीचा पाठिंबा. सोबत शेजारच्या बुद्धविहाराची, मशीद कमिटीची, गणेश मंडळाची सही असेल तर कागदाला 'चर्चचं काम' असा वास राहत नाही.

बऱ्याच ठिकाणी समिती कागदावरच असते. सभा दुपारी १२ ला, आणि पालक कामावर. वेळ संध्याकाळी ६ ची करून घ्या, अजेंडा दोनच विषयांचा ठेवा, आणि वहीत सही घेण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा. आराखडा डिसेंबरअखेर तयार पाहिजे. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, पण मागणीच्या निवेदनावर त्यांची सही मागू नका. ते नोकरीत आहेत. ठरावाच्या वहीत त्यांची सही आहे, तेवढी पुरे.

निवेदन एका पानाचं. असं:

प्रति, मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका (मार्फत: शिक्षणाधिकारी)
विषय: … मनपा शाळा (यूडायस क्र. …) येथील मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती व पाणीजोडणी, सन … च्या अंदाजपत्रकात तरतुदीबाबत.
१. शाळेत इ. १ ते ८ मध्ये २१४ विद्यार्थी असून पैकी १०८ मुली आहेत.
२. मुलींसाठी ४ शौचकूपे असून १ वापरात आहे. दि. … व दि. … रोजी स. ११ वा. टाकीत पाणी नव्हते (छायाचित्रे १ ते ३).
३. शाळा व्यवस्थापन समिती ठराव क्र. …, दि. …, विकास आराखडा अ. क्र. २.
४. कनिष्ठ अभियंता यांचा खर्चाचा अंदाज: रु. ३,८५,०००, दि. …
५. विनंती: सदर रक्कम शाळा इमारत दुरुस्तीच्या लेखाशीर्षात समाविष्ट करावी व निर्णय दि. ३१ जानेवारीपर्यंत लेखी कळवावा.

चौथा मुद्दा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. झोनच्या कनिष्ठ अभियंत्याला शाळेत आणायला दोन-तीन फेऱ्या होतात. तो आकडा मिळाला नाही तर निवेदन थांबवू नका, 'अंदाज काढण्याचे आदेश व्हावेत' एवढीच विनंती करा. स्वतःच्या ओळखीच्या ठेकेदाराचा आकडा मात्र लिहू नका, त्याचा वेगळाच अर्थ निघतो.

दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेबांच्या टेबलावर ठेवतो" यावर विसंबून परत येऊ नका.

कुठल्या दारात काय मागायचं

नळ, छत, स्वच्छतागृह, बाकं: महापालिका. आधी झोन कार्यालय आणि शिक्षण विभाग, मग आयुक्त, मग स्थायी समिती आणि आपले नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हा हे सगळे अधिकार प्रशासकाकडे गेले होते. तशी वेळ आली तर एकाच टेबलाशी काम असतं. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी. तिथे धोरण चालत नाही, अडलेली फाइल चालते.

शिक्षकपदं, संचमान्यता, समग्र शिक्षाचा उशीर: राज्य. त्यासाठी शिक्षण उपसंचालक आणि आमदार. नागपूर विभागाला शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाचे आमदारही आहेत, ते विसरले जातात. हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं, पण तारांकित प्रश्न महिनाभर आधी द्यावा लागतो. अधिवेशनाच्या आठवड्यात यशवंत स्टेडियमवर गर्दीत उभं राहून जे होत नाही ते ऑक्टोबरमध्ये आमदाराच्या कार्यालयात तयार प्रश्न टाइप करून दिल्याने होतं. शिवाय डिसेंबर म्हणजे आपला कॅरलचा आणि नाताळाचा महिना. त्या दिवसांत सात जणांतले चार मिळत नाहीत, हे वेळापत्रक आखतानाच धरा.

कामठी, हिंगणा, कळमेश्वर भागातल्या मंडळ्यांना जिल्हा परिषदेच्या शाळा लागतात. तिथे गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). बांधकामाला जिल्हा नियोजन समितीचा निधीही असतो. कागद हेच.

काहीच हललं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या ३२व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. तीन महिन्यांत सुनावणी घेऊन निर्णय द्यावा लागतो, आणि पुढचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

दान देण्याची घाई

पाहणी झाली की कुणीतरी म्हणतंच, "एवढं कशाला, चार पंखे आपणच देऊ." हेतू चांगला असतो. पण पंखे लागले, फोटो छापून आला, की त्या शाळेची गरज विभागाच्या यादीतून उतरते. आणि शेजारच्या शाळेला, जिच्या आसपास चर्च नाही, तिला काहीच मिळत नाही. मुलांचे हाल थांबवायला द्यावंच लागलं तर द्या, पण शाळेच्या जडवस्तू (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत नोंद करून, आणि सोबत पत्र देऊन की ही तात्पुरती सोय आहे, मागणी कायम आहे. आमदार निधीचंही तसंच. मिळाला तर घ्या, पण अंदाजपत्रकातली ओळ सोडू नका.

पत्रानंतर

तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. एप्रिलमध्ये छापील अंदाजपत्रकात आपली ओळ शोधा. मग मान्यता, निविदा, कार्यादेश. प्रत्येक पायरीची तारीख एका वहीत. निवडणूक येणार असेल तर कार्यादेश आचारसंहितेआधी निघाला पाहिजे, हे अभियंत्याला फेब्रुवारीतच आठवण करून द्या. काम उन्हाळी सुट्टीत व्हावं, कारण शाळा रिकामी असते. ठेकेदाराने काय काय करायचं आहे त्याची कार्यादेशातली यादी समितीच्या अध्यक्षांकडे द्या. टाकी बसते आणि जोडणी राहते, दार बसतं आणि कडी राहते, हे नेहमीचं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली की पाहणीतले तेच दोघे, तोच तक्ता घेऊन, सकाळी ११ वाजता त्याच नळापाशी जा. नळ उघडून बघा, तारीख टाका. कोरडा असेल तर निवेदनाचा दुसरा मुद्दा पुन्हा लिहायचा आहे, फक्त या वेळी कार्यादेशाची प्रत जोडून.